१९३६ ची ऑस्टिन की १९६७ ची फियाट?

प्रश्न : मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात टर्नर म्हणून सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. घरामागच्या शेडमध्ये जुनं लेथ, व्हाइस आणि हत्यारं आहेत. जुनी मोटार घ्यायची इच्छा फार वर्षांची. सध्या दोन गाड्या समोर आहेत. एक, सांगलीतल्या एका वाड्यात उभी असलेली १९३६ ची ऑस्टिन सेव्हन रुबी. बरीच वर्षं बंद आहे, पण हँडल मारल्यावर इंजिन फिरतं. आरसी बुक आताच्या मालकाच्या आजोबांच्या नावावर आहे. दुसरी, पुण्यातली १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. चालू आहे, नुकतंच रंगकाम झालंय. किंमत दोघेही जवळपास सारखीच सांगतात. ती दिली की माझ्याकडं दोनेक लाख उरतील. माझा जीव ऑस्टिनवर आहे. तिचं इंजिन स्वतःच्या हातानं उघडावं असं वाटतं. बायको म्हणते, "कुठलीही घ्या, पण मला तिच्यात बसून जोतिबाला जायचंय आणि वर्षातून एकदा माहेरी देवरुखला जायचंय. जॅकवर चढवून ठेवलेली गाडी मला दारात नको." मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर जेवढी जुनी तेवढी चांगली, किंमत वाढत जाईल. काय करू?

उत्तर : नमस्कार. निर्णय आधी सांगतो, कारणं मागून. फियाट घ्या. अट एवढीच की तिचा तळाचा पत्रा आणि तिचे कागद, दोन्ही तपासात टिकले पाहिजेत. तपासणी कशी करायची तेही पुढं लिहिलंय. पण ऑस्टिन का नको, हे तुम्हाला नीट सांगायला हवं. कारण तुमचा जीव जिच्यावर आहे ती गाडी खरोखर जीव लावण्यासारखीच आहे.

हर्बर्ट ऑस्टिन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातून १९२२ मध्ये ही गाडी आणली. मोटारसायकलला साइडकार जोडून बायकामुलांना पावसात भिजत नेणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि खाली चार चाकं परवडावीत, हा हेतू. स्टॅन्ली एज या जेमतेम अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी घेऊन त्यांनी आराखडा काढला. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, इंग्रजी 'ए'च्या आकाराची हलकी चासी, आणि मोजकेच सुटे भाग. १९३९ पर्यंत जवळपास २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. बीएमडब्ल्यूनं विकलेली पहिली मोटारसुद्धा ऑस्टिनच्या परवान्यावर बनलेली हीच, डिक्सी नावाची. १९३४ मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती रुबी आली, रेडिएटरवर नीटस आवरण असलेली, आणि भारतात आलेल्या ज्या सेव्हन आज दिसतात त्यांत ती लगेच ओळखू येते.

तुमच्यासारख्या टर्नरला ही गाडी का ओढून घेते ते मला पक्कं कळतं. तिच्यात दडलेलं काही नाही. प्रत्येक भाग हातात धरता येतो, मायक्रोमीटरनं मोजता येतो, झिजला असेल तर कुठं आणि का झिजला ते डोळ्यांना दिसतं. उद्यमनगरात पॅटर्न करणारे, ओतकाम करणारे, बेअरिंगांत व्हाइट मेटल हा मऊ धातू भरणारे हात आजही आहेत. महाराष्ट्रात ऑस्टिन सेव्हन पुन्हा उभी करायला कोल्हापुराइतकं सोयीचं गाव क्वचितच सापडेल. हे सगळं मान्य करूनच मी फियाट म्हणतोय.

कारण १९३६ ची ही गाडी चालवणारा माणूस तिचा मिस्त्रीही असावा लागतो, आणि तोही प्रत्येक फेरीला. उदाहरणार्थ तिचं तेलपाणी बघा. या इंजिनात तेलाचा पंप आहे, पण तो क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्यानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, आजच्यासारखं दाबानं तेल देत नाही. क्रँककेसमधल्या बारीक तोट्यांतून तेलाची धार फिरत्या क्रँकवर येते आणि तिथल्या भोकांतून बिगएंडपर्यंत, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो त्या बेअरिंगपर्यंत, पोचते. बंद राहिलेल्या इंजिनात या तोट्या गाळानं तुंबलेल्या असतात. तोटी तुंबली की तेलाचा मीटर धोका दाखवत नाही, उलट काटा थोडा वरच चढतो, कारण तेलाला बाहेर पडायला वाट उरत नाही. मालक खूश असतो आणि आत व्हाइट मेटल वितळत असतं. म्हणून सांगलीची गाडी हँडलनं फिरते यावरून एवढंच कळतं की पिस्टन सिलिंडरला चिकटलेले नाहीत. इंजिन पूर्ण उघडून, तोट्या साफ करून, क्रँकला तडा आहे का ते तपासल्याशिवाय ते चालू करणंच चूक आहे. विकणारा तुमच्यासमोर बॅटरी लावून, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून ते भडकवायला निघाला तर हात धरून थांबवा.

त्यात १९३६ हे सांध्यावरचं वर्ष. तोपर्यंत या इंजिनाचा क्रँक दोनच बेअरिंगवर फिरायचा, दोन टोकांना, मधे आधार नाही. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मधलं तिसरं बेअरिंग आलं, ताकद वाढली, ब्रेकही सुधारून गर्लिंग पद्धतीचे झाले. सांगलीची गाडी कुठल्या बाजूची आहे हे तुमच्या पत्रात नाही, आणि बहुधा मालकालाही माहीत नसेल. दोन बेअरिंगचा क्रँक जास्त वेगात मधे लवतो, आणि जुने क्रँक तुटतात. नवा क्रँक मिळतो, इंग्लंडमध्ये आजही बनवतात. पिस्टन, गॅस्केट, व्हॉल्व्ह, १७ इंची अरुंद टायर, सगळं तिथून मागवता येतं, कारण या गाडीवर जीव टाकणारे लोक तिथं गावोगाव आहेत. पण क्रँक, पिस्टन, टायर, वर कुरिअर आणि कस्टम्स असा हिशोब मांडा, आणि मग उरलेल्या दोन लाखांकडं बघा. अजून रेडिएटर, वायरिंग आणि आतल्या सीटा यांना हातही लावलेला नाही.

आता रस्ता. इथं मी जरा थांबणार आहे, कारण वहिनींचं वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

ऑस्टिनला पाण्याचा पंप नाही. गरम झालेलं पाणी हलकं होऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीत चढतं, गार होऊन खालून परत येतं, एवढ्यावर सगळं चालतं. पाण्याची पातळी वरच्या नळाच्या तोंडाखाली गेली की फिरणंच थांबतं. सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात ही रचना उत्तम काम करते. चैत्राच्या उन्हात जोतिबाचा चढ, पुढं एसटी, मागं जीप, मधेच थांबायचं आणि मधेच निघायचं, अशा वेळी ती उकळणार. आणि चढावर थांबून पुन्हा निघणं हे या गाडीत वेगळं कसब आहे. क्लचच्या पेडलचा कामाचा प्रवास इतका कमी की जरा सोडला की गाडी एकदम उसळते नाहीतर इंजिन बंद पडतं. सरावानं ते जमतं, तुम्हाला तर नक्कीच जमेल. पण शेजारी वहिनी बसल्यात आणि मागं ट्रकवाला हॉर्न देतोय, अशा ठिकाणी तो सराव करायची वेळ येऊ नये.

चढापेक्षा मला काळजी उताराची आहे. देवरुखला जायचं म्हणजे आंबा घाट उतरून साखरप्याला जायचं. ऑस्टिनचे चारही ब्रेक तारा ओढून लागतात. नीट जुळवलेले असले तर ते तिच्या स्वतःच्या वेगाला पुरतात, त्यांची बदनामी होते तितके ते वाईट नाहीत. पण ते घडवले गेले तेव्हा रस्त्यावर बाकीच्या गाड्याही तशाच थांबायच्या. आज पुढची गाडी डिस्क ब्रेक आणि एबीएसवर काही मीटरांत जागच्या जागी उभी राहते. तुमची नाही राहणार. त्या घाटात पावसाळ्यात धुकं असतं, वळणावर समोरून मालट्रक येतो. ६ व्होल्टच्या पिवळ्या दिव्यांनी तुम्हाला रस्ता दिसेलही, पण समोरच्याला तुम्ही दिसाल का? इथं हौस आणि सुरक्षितता यांची तडजोड करायची नसते.

तुम्ही कोल्हापूरकर आहात, दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक बघत लहानाचे मोठे झाला असाल. तीही तीसच्या दशकातली गाडी, आणि ती आजही रुबाबात येते. पण ती कशी येते ते बघा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्यानं, सांभाळणारे लोक सोबत असताना. युद्धापूर्वीच्या गाडीला हेच आयुष्य मानवतं. ज्याला असं आयुष्य तिला देता येईल त्यानं ती जरूर घ्यावी. वहिनींना मात्र देवरुखला जायचंय.

१९६७ ची डिलाइट हे काम करते. त्याचं कारण तिचं वय कमी आहे एवढंच नाही. या दोन गाड्यांमधल्या तीस वर्षांत मोटार घडवणाऱ्यांनी चालकाच्या डोक्यावरची बरीच कामं काढून यंत्राकडं सोपवली. तेल दाबानं बेअरिंगपर्यंत जातं. पाण्याला पंप आहे. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, चारही चाकांना ड्रमच, पण पेडल दाबलं की चारही चाकं सारखी धरतात. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागं पाटे. १०८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन चाळिसेक अश्वशक्ती देतं, म्हणजे रुबीच्या दुपटीहून जास्त. १२ व्होल्ट. गिअर स्टिअरिंगवर, आपण ज्याला हँड गिअर म्हणतो तो, त्यामुळं पुढं दोघांच्या मधे दांडा नाही आणि बसायला ऐसपैस. आधीच्या 'डुक्कर' फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, डिलाइटचे सरळ उघडतात. साडी नेसून चढताउतरताना याचा फरक पडतो.

आणि ही गाडी आपली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, पन्नाशीच्या दशकात फियाट आली, १९६४ मध्ये डिलाइट. १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. तीच बॉडी, तेच इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. याचा तुम्हाला सरळ फायदा असा की १९६७ च्या गाडीला नव्वदच्या दशकातले सुटे भाग बसतात. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, ब्रेकचे व्हील सिलिंडर, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर मिळतात. टॅक्स्या गेल्या तशी नवीन मालाची आवक आटत जाणार, म्हणून गाडी घेतल्याबरोबर एक व्हील सिलिंडरचा संच, एक वॉटर पंप, एक फ्युएल पंप आणि दोन हेड गॅस्केट घेऊन कपाटात ठेवा. काळजी दिखाऊ भागांची. पुढची जाळी, दिवे, मीटर, बाजूच्या चकचकीत पट्ट्या दर काही वर्षांनी बदलत गेल्या. पुण्याच्या गाडीवर हे डिलाइटचेच आहेत की पद्मिनीचे चढवलेत ते नीट बघा. इंजिनाचे भाग मिळतील. डिलाइटची मूळ जाळी मिळवायला मात्र वर्षं जातील.

आता तपासणी. "नुकतंच रंगकाम झालंय" हे तुम्ही गाडीची बाजू म्हणून लिहिलंय. मी ते धोक्याच्या बाजूला मांडतो. फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ आणि दरवाजाखालच्या पेट्या सडल्या तर सांगाडाच सडला. ताजा रंग सड झाकायला सगळ्यात सोयीचा. म्हणून एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या. दरवाजांची खालची कड, चाकांवरच्या कमानी, दिव्यांभोवतीचा भाग, डिकीचा तळ, सगळीकडं फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे. आतली मॅटिंग उचलायला सांगा. पेडलखालचा पत्रा, स्पेअर व्हीलची जागा आणि जॅक लावायच्या जागा हातानं दाबून बघा. मग गाडी जॅकवर उचला आणि दरवाजा उघडून बंद करा. जमिनीवर नीट लागणारा दरवाजा जॅकवर अडकत असेल तर सांगाडा वाकतोय. तिथंच व्यवहार थांबवा. इंजिनाचं काम तुम्ही कराल, गिअरबॉक्सचंही कराल, पण सडलेली फियाट सरळ करणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढं जातो.

इंजिन मात्र गार असतानाच बघा. आदल्या रात्री फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं होतं. तेलाच्या झाकणाच्या आत पांढरट साय असेल तर पाणी तेलात मिसळतंय. या इंजिनाचा हेड ॲल्युमिनियमचा आहे, एकदा गाडी नीट तापली की तो वाकतो आणि हेड गॅस्केट जातं. चालू केल्यावर निळा धूर सतत येत असेल तर रिंगा, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावरच येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड. दोन्ही तुमच्या हातातली कामं, फक्त भाव पाडायला उपयोगी. पुढचं चाक उचलून वरखाली हलवा, किंगपिनचा खेळ कळेल. हँड गिअरचा दांडा ढिला वाटला तर घाबरू नका, जोडण्यांचे बुश झिजलेले असतात, ते तुम्ही शेडमध्येच लेथवर काढाल. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रचना, नाही, तेव्हा चालत्या गाडीत पहिला टाकताना खरखर झाली तर तो दोष समजू नका.

उन्हाळ्यात फियाटला आणखी एक सवय. पेट्रोल गाडीतल्या फ्युएल पंपापाशीच तापून त्याची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. जुने टॅक्सीवाले त्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, तो उपाय आजही चालतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आल्यानं जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ पडून फाटतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, आणि महिनामहिना गाडी भरल्या टाकीनं उभी ठेवू नका. ऑस्टिनच्या बाबतीतही हे सगळं तसंच करावं लागलं असतं.

कागदांची बाजू दोन्ही गाड्यांची वेगळी आहे. ऑस्टिनची आरसी आजोबांच्या नावावर, म्हणजे आधी सगळ्या वारसांची संमती, वारस दाखला, फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, आणि मग तुमच्या नावावर. एखादा चुलतभाऊ सहीला नाही म्हणाला की व्यवहार वर्षानुवर्षं लोंबकळतो. हे पूर्ण होण्याआधी एक रुपयाही इसार देऊ नये, हे तुम्ही ती गाडी घेणार नसलात तरी पुढं कधी उपयोगी पडेल. फियाटला मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. नंबर एमएच मालिकेच्या आधीचा, तीन अक्षरी असणार. अशा गाड्यांची नोंद पुष्कळदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरात असते आणि संगणकावर नसते. परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघा. सापडला नाही तर आधी विकणाऱ्यानं ती नोंद चढवून घ्यावी, एनओसी लागत असेल तर तीही त्यानंच काढावी, आणि मगच पैसे. चासी नंबर गाडीवरून स्वतः वाचा, कार्बन कागदावर घासून छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद दुसऱ्याच बॉडीला जोडून विकण्याचा उद्योग जुन्या गाड्यांत सर्रास चालतो.

'व्हिंटेज' नोंदणीबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून लिहून ठेवतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहू शकतो. तुमच्यासमोरच्या दोन्ही गाड्या यात बसतात. पण ही नोंदणी केली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. जोतिबा आणि देवरुख त्यात येत नाहीत. तुम्ही फियाटची साधी नोंदणीच चालू ठेवा, दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्या, पर्यावरण कर भरा. विम्यात मात्र एक लक्षात घ्या. इतक्या जुन्या गाडीचं विमामूल्य तुमच्या आणि कंपनीच्या संमतीनं ठरतं, म्हणून फोटो आणि दुरुस्तीची बिलं जोडून रक्कम आधी लेखी ठरवून घ्या.

मुलाला सांगा, जेवढी जुनी तेवढी किंमत जास्त, असं या बाजारात चालत नाही. लोक पैसे मोजतात ते स्वतःच्या आठवणीतल्या गाडीसाठी. ज्यांच्या वडिलांनी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली ती पिढी आज साठीच्या आसपास आहे आणि डिलाइट शोधत हिंडते आहे. ऑस्टिन सेव्हनमध्ये बसल्याची आठवण असणारे आता फार थोडे उरलेत. म्हणून मी कुठल्याच गाडीची किंमत वाढेल असं सांगणार नाही. दोन्हींवर तुम्ही खर्च कराल त्यातला बराचसा परत येणार नाही, आणि मुलाला हे मान्य नसेल तर त्यानं ते पैसे बँकेत ठेवावेत, गाडीत नकोत.

पुण्याची गाडी तपासात नापास झाली तर? तर वाट बघा. दुसरी डिलाइट मिळेल, तिच्या आधीची फियाट सुपर सिलेक्ट मिळेल, नाहीतर सत्तरच्या दशकातली स्वच्छ पद्मिनी मिळेल. फियाट हुकली म्हणून निराश होऊन सांगलीला जाऊ नका.

सांगलीच्या त्या ऑस्टिनसाठी मात्र तुम्ही आजच एक गोष्ट करू शकता, आणि ती करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालकांना भेटून सांगा की चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, महिन्यातून एकदा हँडलनं इंजिन हळू फिरवा, चालू मात्र करू नका. टायर जमिनीवरून उचलून एक्सलखाली लाकडी ठोकळे द्या. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वरून प्लॅस्टिक घालू नका, आत दमट हवा कोंडून पत्रा सडतो, सुती चादर घाला. आणि गाडी विकायचीच असेल तर मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थेला कळवा, म्हणजे ती भंगारवाल्याकडं न जाता तिला वेळ आणि पैसा देऊ शकणाऱ्या माणसाकडं जाईल. त्या माणसाला कोल्हापुरात व्हाइट मेटलचं काम कोण उत्तम करतं हे विचारायची वेळ आली तर तुमचं नाव त्याच्याकडं असू द्या. इंजिन उघडायची तुमची इच्छा तिथंही पुरी होईल.

फियाट घरी आली की रंग, क्रोम, सीटकव्हर यांना हात लावू नका. पहिलं काम ब्रेकचं. या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी होज नवे घाला, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा, ड्रम लेथवर हलके साफ करून घ्या. मग रेडिएटर उतरवून धुवा. त्यानंतर एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर जोतिबा करा, घाईच्या रविवारी नको. तिथं वर पोचल्यावर पाण्याचा काटा आणि तेलाची गळती बघा, परत येऊन चारही ड्रमना हात लावून कुठला जास्त तापलाय ते बघा. हे ठीक वाटलं की नरसोबाची वाडी, सपाट रस्ता, जरा लांबची फेरी. देवरुख पावसाळा संपल्यावर ठेवा, दिवसाउजेडी. आंबा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबून सोडत चला. वहिनींना माहेरच्या लोकांना आधी कळवू द्या, म्हणजे उशीर झाला तर कोणी घाटात शोधायला निघणार नाही.